"निवासाची सोय स्वखर्चाने करावी": परिषदा भरवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

प्रति,
कन्व्हेनर, को-कन्व्हेनर, आयोजन सचिव आणि कागदावर तरी असलेली निवास समिती,
जिथं जिथं राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात ती सगळी कॉलेजं, विद्यापीठं आणि संस्था

सर, मॅडम, नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवते. सीएचबीवर, म्हणजे तास घेतला तर पैसे, दिवाळी आली, मे आला की हात हलवत घरी. प्राध्यापकीची सेट परीक्षा झालीये, पीएचडी झालीये, विषय भूजल. वर्षाला दोन-तीन परिषदा करते. एक तर कराव्याच लागतात, पेपर वाचल्याचं सर्टिफिकेट नसलं की मुलाखतीत समोरचे फाइल उलटीपालटी करून परत देतात, आणि दुसरं खरं सांगू का, मला आवडतं. गावात वर्षभर किती फुटाला पाणी लागलं एवढ्यावरच बोलणं होतं, तिथं चहाच्या रांगेत उभं राहिलं की भूजलावर डोकं खाणारे चार जण भेटतात, त्या दोन दिवसांवर मी पुढचे सहा महिने काढते.

हे पत्र तुमच्या ब्रोशरच्या तिसऱ्या पानावरच्या एका ओळीबद्दल आहे. बँक डिटेल्सच्या खाली, संपर्क क्रमांकाच्या वर, बारीक अक्षरात. 'निवासाची सोय स्वखर्चाने करावी. परिसरात हॉटेल्स उपलब्ध आहेत.' ही ओळ कोण लिहितं माहीत नाही, बहुतेक मागच्या वर्षीच्या ब्रोशरमधून तशीच उचलली जात असावी, कारण एका ब्रोशरमध्ये तर मी दुसऱ्याच शहराच्या स्टेशनपासूनचं अंतर छापलेलं बघितलंय.

हिशोब मांडते. मागच्या फेब्रुवारीतली पुण्याची दोन दिवसांची परिषद. फी १५००. स्लीपर ट्रॅव्हल्सचे जाऊन-येऊन १४००. पोस्टरचं फ्लेक्स ३००. झाले ३२००. आणि तुमच्या यादीतलं सगळ्यात स्वस्त हॉटेल एका रात्रीला ३८००, टॅक्स वेगळा, दोन रात्रींचे झाले ७६००. म्हणजे बाकी सगळं मिळून जेवढं होतं त्याच्या दुपटीहून जास्त नुसतं आडवं पडायला. तुम्ही लोक फी कमी ठेवायला किती धडपडता ते मला दिसतं, विद्यार्थ्यांना सवलत, संशोधकांना सवलत, अर्ली बर्ड वगैरे. पण फी पूर्ण माफ केली तरी त्या ७६०० मुळे मी येऊ शकत नाही, आणि राहायची नीट सोय असली तर फी डबल करा, मी येते. कोण येणार आणि कोण नाही हे ती बारीक अक्षरातली ओळ ठरवतेय, आणि तीच ओळ तुम्ही सगळ्यात कमी विचार करून लिहिता, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता त्या पुण्याच्या दोन दिवसांत काय झालं ते सांगते.

ट्रॅव्हल्सनं पहाटे पावणेपाचला स्टेशनपाशी सोडलं. नोंदणी नऊला. लॉजचा चेक-इन दुपारी बाराला. या मधल्या चार तासांचं काय करायचं हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं बघा. मी स्टेशनच्या लेडीज वेटिंग रूममध्ये गेले, तिथं आधीच सहा-सात बायका, एक बाळंतीण, दोघी परीक्षेला आलेल्या पोरी. पोस्टरची लांब गुंडाळी कुठं ठेवायची कळेना, फरशी ओली, भिंतीला टेकवावी तर घसरते, शेवटी त्या परीक्षेच्या पोरींपैकी एकीनं ती बंदूक धरल्यासारखी खांद्याला लावून धरली आणि मी बाथरूमच्या दारामागं एका पायावर उभी राहून साडी नेसले. नऊ वाजता तुमच्या नोंदणीच्या टेबलावर हसत हसत सही करणारी जी मॅडम होती ना, ती ही. बॅग तुमच्या स्वयंसेवक पोरांनी टेबलाखाली किटच्या पिशव्यांमध्ये ठेवून घेतली, त्यांचे मनापासून आभार.

संध्याकाळी सहाला सत्र संपलं आणि मी बॅग घेऊन निघाले. लॉज अ‍ॅपवर बुक केलेला होता, कन्फर्म, फोटोत पांढरीशुभ्र चादर आणि त्यावर टॉवेलचा हंस. काउंटरवरचा माणूस मोबाइल न बघताच म्हणाला, ते अ‍ॅपवालं आम्ही बंद केलंय मॅडम. बंद केलंय तर अ‍ॅपवर दिसतंय कसं, तर ते तुम्ही त्यांना विचारा. दुसऱ्या लॉजवर रूम होती, किल्ली पण समोर लटकत होती, पण "सोबत जेंट्स कोण? आम्ही फॅमिलीलाच देतो." मी तुमचं निमंत्रण पत्र दाखवलं, आधार दाखवलं, गळ्यातला तो तुमचा बिल्ला दाखवला ज्यावर डॉ. लिहिलंय, त्यानं मालकाला फोन लावला, मालक नाही म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी मिळाली, ७५० ला. पलंग, प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीवर पाटी, 'गरम पाणी सकाळी ६ ते ८'. दाराला कडी होती पण कोयंडा सैल, खुर्ची दाराला टेकवून झोपले, झोपले म्हणजे काय, जिन्यावर पाय वाजला की जाग. गरम पाणी सहाला आलं आणि सव्वासहाला संपलं. साडेनऊला माझं पोस्टर सेशन होतं आणि एका मोठ्या सरांनी खरंच चांगला प्रश्न विचारला, बेसाल्टमधल्या भेगांमधून पुनर्भरण होतं त्याबद्दल, आणि मला उत्तर येत असून सुचलं नाही. डोकंच चालत नव्हतं. ते अजून टोचतं मला, लॉजपेक्षा जास्त.

तुम्ही म्हणाल मॅडम, जरा आधी नीट बघून बुक करायचं ना. बरोबर आहे. पण आधी म्हणजे किती आधी? याचं गणित फार मजेशीर आहे आणि त्याची पहिली कडी तुमच्या हातात आहे म्हणून सांगते.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्याच्या अगोदर १२० दिवस होतं. स्टेशनवरच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी आयआरसीटीसीवर मिळतात, १२ तासांपासून ४८ तासांपर्यंत, आणि परिषदेसाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही, पहाटे उतरायचं, तिथंच अंघोळ, तिथंच बॅग, भाडं आवाक्यातलं. पण त्याला पीएनआर लागतो, तोही कन्फर्म किंवा आरएसी. वेटिंगवाल्याला नाही. आता मुंबईची एक परिषद, अ‍ॅबस्ट्रॅक्ट ऑक्टोबरात पाठवला होता, 'आपला शोधनिबंध स्वीकारण्यात येत आहे' हा मेल आला परिषदेच्या नऊ दिवस आधी. नऊ. तोवर लातूर-मुंबईचं वेटिंग कुठल्या कुठं गेलेलं. तिकीट वेटिंग म्हणून रिटायरिंग रूम नाही, रूम नाही म्हणून ऐनवेळचा लॉज, ऐनवेळचा म्हणून महाग, आणि वर तत्काळचे पैसे वेगळेच. म्हणजे तुमचा एक मेल उशिरा आला, त्यात तिकीट गेलं आणि तिकिटात खोली गेली. स्वीकृतीचा मेल परिषदेच्या सत्तर दिवस आधी पाठवा, बाकी काही नाही केलंत तरी माझ्यासारख्या निम्म्या लोकांचा प्रश्न तिथंच सुटतो. आणि रिव्ह्यू झाला नसेल तर 'उपस्थितीसाठी निमंत्रण' म्हणून तरी पाठवा, पेपर नाकारला तरी ऐकायला येऊ की आम्ही.

मुंबईचंच सांगते पुढे. एका ओळखीच्या सरांनी सुचवलं की दादर-परळकडं धर्मशाळा आहेत, बघा. बघितलं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वगैरे, पण त्या टाटा हॉस्पिटलच्या पेशंटसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहेत हो, तिथं पॉवरपॉइंट घेऊन आपण जागा अडवायची का? नाही पटलं. मग मुंबई सेंट्रलचं पॉड हॉटेल केलं एक रात्र, पॉड म्हणजे एकाला झोपता येईल एवढा बंद कप्पा. रेल्वेचं हे देशातलं पहिलं, नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, ४८ पॉड, सुरू झालं तेव्हा १२ तासांचे ९९९ होते. लेडीजसाठी वेगळी सोय आहे, स्वच्छ आहे, एसी आहे, एका रात्रीला उत्तम, फक्त आडवं झाल्यावर आपण ड्रॉवरमध्ये ठेवलेला चमचा आहोत असं वाटतं. आणि आत उभं राहता येत नाही त्यामुळं साडीचा प्रश्न परत बाथरूममध्येच सोडवावा लागतो (आता मी परिषदेला सरळ पंजाबी ड्रेस घालते, समोरच्यांना काय वाटायचं ते वाटो). नंतर कळलं की मुंबई सेंट्रलजवळ वायएमसीए आहे, कुलाब्यात मॅडम कामा रोडवर वायडब्ल्यूसीए आहे, ताजच्या मागच्या गल्लीत साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड हॉस्टेल आहे. सगळीच काही फार स्वस्त नाहीत, पण ही नावं मला एकाही ब्रोशरनं सांगितली नाहीत, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईंनी सांगितली. मुंबईतल्या आयोजकांना ही माहीत नसतील असं मला वाटत नाही. त्यांना फक्त असं वाटत असावं की बॅनरवर 'इंटरनॅशनल' लिहिलंय आणि खाली हॉस्टेलचं नाव, बरं दिसत नाही.

अंतराबद्दल बोलू द्या, तो माझा विषय आहे. तुम्ही लिहिता 'रेल्वे स्टेशनपासून फक्त ९ किमी'. सर, नकाशावरच्या अंतराला शहरात काही अर्थ नसतो, अंतर मिनिटांत आणि किती वेळा वाहन बदललं त्यात मोजायचं असतं, हे मी अकरावीच्या पोरांना शिकवते. पुणे स्टेशन ते पाषाण नऊ-दहा किलोमीटर असेल, पण सकाळी साडेआठला गणेशखिंड रोडनं जाऊन दाखवा. उलट परिषद कर्वे रोडला किंवा डेक्कनच्या बाजूला असेल तर वनाज-रामवाडी मेट्रो थेट पुणे स्टेशनला जोडलेली आहे, तिथं स्टेशनजवळचा स्वस्त लॉज घेतला तरी बिघडत नाही. मुंबईत तर हे आणखी. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, परिषद असली की तुम्ही बीकेसीतली नाहीतर सांताक्रूझची हॉटेलं छापता जी आम्ही फक्त बाहेरून बघायची, पण मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपासून आरेपर्यंत सगळी सुरू झाली, आता सीएसएमटीला बसलं की बीकेसीला उतरता येतं, म्हणजे फोर्टातल्या जुन्या लॉजमध्ये राहणारा माणूसही वेळेत पोचतो. कालिन्याला विद्यापीठात असेल तर हार्बर लाइननं वाशीहून कुर्ला आणि तिथून पुढं बस किंवा शेअर रिक्षा, वाशीला राहणं फोर्टापेक्षा स्वस्त पडतं कधी कधी. गोरेगावला नेस्कोच्या प्रदर्शन केंद्रात असेल तर राम मंदिर स्टेशन जवळ. हे मला, लातूरच्या बाईला, गूगल मॅपवर रात्री बारा वाजता बसून शोधावं लागतं, आणि तुम्हाला तिथं रोज जाताय-येताय म्हणून एका मिनिटात सांगता आलं असतं. पाचशे रुपये वाचवायला लांबचा लॉज घ्यायचा आणि मग तीनशे रिक्षात घालून उद्घाटन चुकवायचं हे मी दोनदा केलंय.

गोव्याचं मात्र वेगळंच. तिथं परिषद म्हणलं की घरचे हसतात, परिषद काय मॅडम, मजा आहे. दोनापावलाला होती, नोव्हेंबरात. आता नोव्हेंबरात पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो, २००४ पासून तिथंच होतो, मग ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, मग नाताळ, म्हणजे त्या दिवसांत खोली शोधणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली शोधणं. तारीख कोणी ठरवली माहीत नाही. मला मिरामारच्या यूथ हॉस्टेलमध्ये डॉर्मिटरीत जागा मिळाली, समुद्र हाकेवर, भाडं कमी, दोनापावला तिथून तीन-चार किलोमीटर, कदंबची बस जाते. सगळं छान होतं. पण तुमचा गाला डिनर रात्री साडेआठला सुरू झाला आणि बस तोवर संपली. गोव्यात ते पायलट असतात ना, मोटारसायकलवर मागं बसवून नेणारे, ते दिवसा ठीक. रात्री दहाला मी एका मडगावच्या मॅडमच्या गाडीत लिफ्ट मागून आले, त्या भल्या म्हणून. पहिल्या दिवशीचं जेवण दुपारी मोठं ठेवा आणि रात्रीचं लवकर उरका, लांब राहणाऱ्यांवर याहून मोठा उपकार नाही. की शेवटच्या बसच्या वेळेला डिनर संपत असेल तर तो गाला राहत नाही असं काही असतं?

तारखेचं निघालंच आहे तर. आपल्याकडं सगळ्या परिषदा जानेवारी ते मार्च याच तीन महिन्यांत कोंबलेल्या असतात, कारण ग्रँट ३१ मार्चच्या आत संपवायची. तेव्हाच लग्नसराई. तेव्हाच लॉजवाल्याकडं अख्ख्या वऱ्हाडाचं बुकिंग, तो तुमच्या एका भूगोलाच्या मॅडमला विचारतो कशाला. पुण्यात रविवारी स्पर्धा परीक्षा असली तर डॉर्मिटऱ्या फुल. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. तारीख ठरवायच्या मीटिंगमध्ये प्रमुख पाहुण्यांची डायरी बघता, तशी कालनिर्णयची भिंतीवरची दोन पानं उलटली तरी पुरे. आणि जमलंच तर सुट्टीत घ्या, दिवाळीनंतरच्या सुट्टीत, मे महिन्यात, तेव्हा तुमचीच हॉस्टेलं रिकामी पडलेली असतात.

हॉस्टेल. याच्यावर मला खरं बोलायचंय. तुमच्या कॅम्पसवर पाचशे पोरांचं वसतिगृह आहे, शेजारी मेस आहे, गेस्ट हाउस आहे, आणि गेस्ट हाउसमध्ये राहतात कोण तर बीजभाषणवाले सर, सत्राध्यक्ष आणि त्यांच्यासोबत आलेले त्यांचे नातेवाईक. ज्यांचा खर्च त्यांच्या संस्था देतात ते फुकट राहणार आणि ज्यांचा खर्च कोणीच देत नाही ते बाहेर लॉज शोधणार. प्रमुख पाहुण्यांची बडदास्त ठेवू नका असं मी म्हणत नाही, आम्हीही ठेवतो. पण हॉस्टेलच्या रिकाम्या खोल्या दोनशे-तीनशे रुपये घेऊन द्यायला काय हरकत आहे? गादी नसली तर नसली, चादर आम्ही आणतो. आपल्या मराठी माणसाला हे नवीन आहे का? साहित्य संमेलनाला प्रतिनिधी शुल्क भरलं की निवास-भोजन त्यात धरलेलं असतं, शाळेच्या वर्गात नाहीतर मंगल कार्यालयात सतरंज्या अंथरून लोक राहतात, रात्री दोनपर्यंत गप्पा मारतात, आणि त्या गप्पांसाठीच परत परत जातात. वारीला तर काय बोलावं, लाखो माणसांचे मुक्काम गावोगाव होतातच की दरवर्षी. शंभर प्रतिनिधींच्या परिषदेला मात्र आपल्याला थ्री स्टारच आठवतं. फक्त बायकांच्या हॉस्टेलचं गेट आठला बंद होतं तेवढं वॉर्डन मॅडमशी आधी बोलून ठेवा, नाहीतर आम्ही डिनरच्या आधीच आत.

बिलाचं एक पटकन. १८ जुलै २०२२ च्या आधी हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटी नव्हता, त्या दिवसापासून १२ टक्के लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे. तरी परवा आलेल्या ब्रोशरमध्ये हॉटेलच्या दरापुढं अजून '१२% जीएसटी अतिरिक्त' छापलंय, म्हणजे ते दर कोणी फोन करून विचारलेच नाहीयेत. आणि जे परमनंट आहेत त्यांना तरी कुठं परवडतंय? केंद्राच्या २०१७ च्या प्रवासभत्त्याच्या (टीए) आदेशातले मूळ दर बघा, पगाराच्या लेव्हल ९ ते ११ ला हॉटेलचे दिवसाला २२५० पर्यंत, लेव्हल ६ ते ८ ला ७५०. साडेसातशे! साडेसात हजार लेव्हल १४ आणि त्याच्या वर. म्हणजे तुमच्या यादीतलं सगळ्यात स्वस्त ३८०० चं हॉटेल नवीन असिस्टंट प्रोफेसरच्याही हक्कात बसत नाही, उरलेले तो खिशातून घालतो नाहीतर येतच नाही. शिवाय छोट्या लॉजवर पक्कं बिल मागितलं की मालकाचा चेहरा बदलतो, त्यामुळं यादीतल्या कुठल्या लॉजवर पक्कं बिल मिळतं एवढी एक खूण करून टाका, टीए क्लेम करणारे दुवा देतील.

आता खोली शेअर करायचं. नागपूरकडच्या एका परिषदेत आयोजकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता, त्यावर सकाळी गुड मॉर्निंग आणि संध्याकाळी ऑर्किडचे फोटो यायचे, बाकी काही नाही. मीच एक दिवस धीर करून टाकलं, 'कोणी लेडीज खोली शेअर करणार का?' पाच मिनिटांत सात मेसेज. सगळ्या हाच विचार करत बसल्या होत्या पण आधी कोण विचारणार. मी, सांगलीच्या एक मॅडम आणि अकोल्याची एक पीएचडीची मुलगी, तिघींनी १८०० ची तीन बेडची खोली घेतली, डोक्याला ६०० आले. काउंटरवर "जेंट्स कोण" कोणी विचारलं नाही, तिघी बघून त्याचीच हिंमत झाली नाही. सांगलीच्या मॅडम घोरतात, पण पाणलोटावर त्यांच्याइतका डेटा कोणाकडं नाही, आता आम्ही दोघी मिळून पेपर लिहितोय. तुमच्या गूगल फॉर्ममध्ये 'शाकाहारी की मांसाहारी' हा कॉलम असतो ना, त्याच्याच खाली 'खोली शेअर करायला तयार आहात का' हा एक कॉलम वाढवायचा. वय, गाव, किती वाजता पोचणार. आणि ती यादी हो म्हणणाऱ्यांनाच पाठवा, सगळ्या ग्रुपवर टाकू नका, बायकांचे नंबर असतात.

आणि तुम्ही म्हणाल की बोलणं सोपं आहे, आमच्याकडं माणसं कमी, पैसे कमी, वर नॅकच्या मूल्यांकनाची घाई. माहितीये. कारण आमच्या कॉलेजात राज्यस्तरीय परिषद झाली तेव्हा निवास समितीत मीच होते. मी आणि ग्रंथालयातल्या एक ताई, स्कुटीवर, एका दुपारी. गावात लॉज चार. पहिल्याचं बाथरूम बघून दारातूनच परत फिरलो. दुसरा बरा होता पण जिन्यात दिवा नव्हता, मालकाला सांगितलं दिवा लावा तर तुमचं नाव यादीत टाकतो, त्यानं दुसऱ्या दिवशी लावला. तिसऱ्याला विचारलं एकट्या मॅडम आल्या तर खोली देणार का, तो काचकूच करायला लागला, मग प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि येणाऱ्यांच्या नावांची यादी काउंटरवर ठेवून आलो, तो विषयच संपला. पहाटे येणाऱ्यांसाठी मुलींच्या वसतिगृहातल्या दोन खोल्या नुसत्या अंघोळीला उघडून ठेवल्या, बादल्या आम्हीच आणल्या. दोन तास लागले सगळ्याला, पेट्रोल शंभरचं, तेही ताईंनी घेतलं नाही. समारोपाला बाहेरगावचे जे प्रतिनिधी बोलले त्यातल्या तिघांनी बीजभाषण सोडून त्या अंघोळीच्या खोल्यांचं नाव काढलं, बीजभाषणवाले सर शेजारीच बसले होते, जरा पंचाईत झाली.

तर तुम्ही पण कोणाला तरी स्कुटीवर पाठवा. कडी लागते का, जिन्यात उजेड आहे का, एकट्या बाईला देतात का, गावातल्याच पत्त्याचं आधार असलं तर नाही म्हणतात का (असे लॉज आहेत, पुण्याचा पत्ता असलेल्या माणसाला पुण्यात खोली मिळत नाही), पक्कं बिल, चेक-इन चोवीस तासांचा आहे की दुपारी बाराचा. आणि जे कळेल ते तिसऱ्या पानावर छापा, साध्या भाषेत, तिथल्या रिक्षाच्या भाड्यासकट.

हे आत्ता लिहायचं कारण, जानेवारीतल्या एका परिषदेचं ब्रोशर काल आलंय. कुठलं ते सांगत नाही, ज्यांचं आहे त्यांना कळेल. विषय माझा आहे, वक्ते चांगले आहेत, तिसऱ्या पानावर तीच ओळ आहे. त्या तारखेचं रेल्वेचं बुकिंग उघडायला अजून अकरा दिवस आहेत. तेवढ्यात कोणी एक मेसेज केला की हॉस्टेलच्या खोल्या देणार आहात की नाही, तर मी अकराव्या दिवशी सकाळी आठला बसून तिकीट काढते, नंबर नोंदणी फॉर्मवर दिलेला आहे. पोस्टर तयार आहे. यावेळी कापडावर छापून घेतलंय, घडी घालून पिशवीत बसतं.

आपली,
एक सीएचबी मॅडम (भूगोल)